सडाला काटा टोचत नाही

एका गावात माणसं थोडी आणि शेळ्या फार होत्या. माणसं मोजायला गेलं तर दोनशे भरायची नाहीत, आणि शेळ्या मोजायला गेलं तर मोजणाराच दमून खाली बसायचा. डोंगराच्या पायथ्याशी माळ, माळावर बाभळी आणि बाभळींच्या मधे चाळीस घरं. शेळीचं पोट भरल्याशिवाय त्या घरांतली चूल पेटत नसे.

या गावाची एक रीत होती. पौषी पौर्णिमेच्या सकाळी गावातली सगळी नवी करडं एका लांब दोरीमागे उभी करायची. समोर दोनशे पावलांवर एक दगडी ओटा आणि ओट्यावर बैलाच्या डोक्याएवढा सैंधव मिठाचा धोंडा. करडांना आठ दिवस आधीपासून मीठ बंद केलेलं असायचं, त्यामुळे धोंडा दिसला की त्यांच्या जिभा वळवळायच्या. हलगी कडाडली की दोरी खाली टाकायची, आणि मग काय विचारता! दीडशे करडं उधळायची, धूळ उडायची, माणसं ओरडून ओरडून घसे बसवून घ्यायची. धोंड्याला पहिली जीभ लावणारं करडू जिंकलं. मग बाकीच्यांनीही तोच धोंडा चाटायचा. एका धोंड्याचं मीठ खाल्लं की वर्षभर कळपात टकरा होत नाहीत, असं जुनी माणसं सांगत. या रीतीला मीठदौड म्हणत.

आता तुम्ही म्हणाल, करडांच्या शर्यतीचं एवढं काय? तर डोंगराच्या कुशीत पाणघळ नावाची एक ओली जागा होती. सगळा माळ वाळून कोळ झाला तरी तिथे गुडघाभर हिरवं गवत असायचं. जो मीठदौड जिंकेल त्याच्या शेळ्या वर्षभर पाणघळीत सगळ्यांत आधी जायच्या, आणि जो शेवटी येईल त्याच्या शेळ्या सगळ्यांत शेवटी. शेवटच्या घराच्या वाट्याला गवताची बुडखं आणि चिखल उरायचा.

हे शेवटचं घर ठरलेलं होतं. हौसाक्काचं. अकरा वर्षं तिची करडं धापा टाकत शेवटी पोचत होती, आणि अकरा वर्षं तिच्या शेळ्या दुसऱ्यांचं उष्टं चरत होत्या. दूध कमी, करडं बारकी, म्हणून पुन्हा शेवटचा नंबर. गावातले टवाळ म्हणायचे, ‘हौसाक्का आली, आता दोरी गुंडाळा.’ ती हसायची, पण मनातून तिला ते फार लागायचं.

आणि यंदा तिच्या कवडी नावाच्या शेळीला असा एक बोकड झाला की बघणाऱ्यानं बघतच राहावं. काळाभोर, लांब पायांचा, आणि पळायला लागला की डोळ्यांना दिसेनासा व्हायचा. त्याचं नाव पडलं वावटळ. दीड महिन्याचा असताना त्यानं गेनबाच्या कुत्र्याला पळण्यात मागे टाकलं होतं, आणि गेनबाची करडं तर तीन वर्षं ओळीनं जिंकलेली. ते कुत्रं आठ दिवस हौसाक्काच्या दारावरून गेलं नाही. “यंदा काही खरं नाही आपलं,” असं खुद्द गेनबा पारावर बोलून गेला. हौसाक्काला मग रात्रीची झोप लागेना. तिला डोळ्यांसमोर नुसतं हिरवं गवत दिसायचं.

मीठदौडीच्या आधी पंधरा दिवस ओठपाहणी चालायची. गावाचे म्होरके सुभानतात्या घरोघर जात, प्रत्येक करडाचा जबडा हातात धरत आणि त्याच्या ओठांवरून अंगठा फिरवत. ओठावर बाभळीच्या काट्याची खपली लागली की खूश होऊन म्हणत, “हां, हे मर्द आहे. काटे खाऊन वाढलंय.” ज्याचे ओठ गुळगुळीत त्याला म्हणत दूधखुळं. अशा करडाला दौडीत कोणी मान देत नसे. म्हणून त्या गावात ओठाच्या खपलीचं भारी कौतुक. बायका एकमेकींना बोलावून आपल्या करडाची खपली दाखवत. यंदा दौडीच्या बारा-तेरा दिवस आधी तात्या वावटळीलाही बघून गेले होते. त्याच्या ओठावर काट्याचा बारीक ओरखडा होता, आणि त्यावरून अंगठा फिरवून तात्यांनी त्याची पाठ थोपटली होती.

दौडीच्या आदल्या दिवशी सकाळी हौसाक्का गोठ्यात गेली, तर वावटळीच्या ओठावर चांगली जाड खपली. तिला आधी आनंदच झाला. “अवो, बघा तरी,” तिनं नवऱ्याला हाक मारली. “कसली झकास खपली धरलीया.”

जिवबा आला, त्यानं बघितलं आणि मिशीवर हात फिरवला. “उद्या धोंडा आपलाच गं हौसे.”

तेवढ्यात वावटळ आईला प्यायला गेला. त्यानं सड तोंडात धरलं आणि चटका बसावा तसं सोडून दिलं. पुन्हा धरलं, पुन्हा सोडलं. कवडीनंही लाथ झाडली. कवडी गरीब जनावर, तिनं उभ्या जन्मात कधी पिल्लाला लाथ मारली नव्हती. हौसाक्का खाली बसली. तिनं वावटळीचं तोंड उजेडाकडे वळवलं आणि आता नीट बघितलं.

खपली एका जागी नव्हती. ओठाच्या दोन्ही कोपऱ्यांत होती, वरच्या ओठावर होती आणि नाकपुडीकडे चढत होती. खाली लालभडक, वर खडबडीत, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी. कडेला पाण्यानं भरलेले बारके फोड होते. तिनं दुसरं करडू ओढलं. त्याचे ओठ काल गुळगुळीत होते, आज त्याच्याही कोपऱ्यात दोन फोड. मग तिनं कवडीच्या कासेखाली वाकून बघितलं. सडावर तसाच फोड.

काटा बाभळीला असतो, हौसाक्का मनाशी म्हणाली. करडू बाभूळ खातं, म्हणून काटा करडाच्या ओठाला टोचतो. कवडीचं सड कुठं बाभूळ खायला गेलं होतं?

तिनं पदर खोचला आणि चालू पडली. दीड कोसावर बाजाराच्या गावी जनावरांचा दवाखाना होता. तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या, हाडानं बारीक आणि जिभेनं तिखट. हौसाक्कानं सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी ऐकता ऐकता हातातला चहा खाली ठेवला.

“सडावरही आहे? नक्की?”

“माझ्या डोळ्यांनी बघितलं बाई.”

“मग हा मावा रोग आहे. काटाबिटा काही नाही. फार झपाट्यानं पसरतो. एका करडाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात, करडाच्या तोंडातून आईच्या सडाला. खपली गळून जमिनीवर पडली तरी तिच्यात रोग कित्येक महिने जिवंत राहतो. मोठी जनावरं निभावतात. पण बारक्यांचं तोंड दुखतं, त्यांना पिता येत नाही, आणि मग ती रोगापेक्षा भुकेनं मरतात. सगळी करडं एकत्र येतील असं काही आहे का तुमच्याकडे?”

हौसाक्कानं मिठाच्या धोंड्याचं सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. “दीडशे करडं आणि एक धोंडा? बाई, मला आज दोन अडलेल्या म्हशी आहेत, मी उद्या दुपारपर्यंत येते. पण तोवर त्या धोंड्याला एकाही करडाची जीभ लागता कामा नये.”

त्यांनी तिला औषधं आणि हातमोजे बांधून दिले आणि बजावून सांगितलं. आजारी करडं वेगळी बांधायची. कोमट पाण्यात पोटॅश परमँगनेटचे चार दाणे टाकून पाणी गुलाबी झालं की त्यानं तोंड आणि सड हलक्या हातानं पुसायचं. मग बोरिक पावडर ग्लिसरीनमध्ये कालवून लावायची. खपली ओढून काढायची नाही, आपोआप पडेल ती उचलून जाळायची. काटेरी पाला बंद, कोवळं गवत द्यायचं. पिता येत नसेल त्याला बाटलीनं दूध पाजायचं. “आणि हातमोजे घालायचे,” त्या शेवटी म्हणाल्या. “हा रोग माणसाच्या हातालाही होतो.”

हौसाक्का घरी पोचली तेव्हा गावात नुसता जल्लोष होता. ओटा शेणानं सारवला होता, पोरं हलग्या शेकत होती, घराघरातून करडांच्या गळ्यात लाल गोंडे चढत होते. जिवबानं वावटळीसाठी गोंडा आणून ठेवला होता. तिनं त्याला सगळं सांगितलं तसा तो गोंडा हातात धरून खाली बसला.

“कुणाला बोललीस?”

“अजून न्हाई.”

“मग बोलू नगंस. एक दिस. उद्याची दौड हून जाऊ दे, परवा समद्यांना सांगू. खपली बघून कोण कायबी म्हणायचं न्हाई, उलट शाबासकी दील.” त्यानं गोंडा तिच्यापुढे धरला. “अकरा वरसं झाली हौसे. पुन्यांदा असा बोकड आपल्याला व्हायचा न्हाई.”

तिला त्याचा राग आला नाही. तेच सगळं वाटेत दीड कोसभर तिच्याही मनात येऊन गेलं होतं. एक दिवस. फक्त एक दिवस तोंड मिटून बसायचं, की वर्षभर गुडघाभर गवत. तिनं हातमोजे चढवले, पाणी गुलाबी केलं आणि वावटळीचं तोंड पुसायला घेतलं. तो दुखून ओरडत होता आणि तिचे डोळे वाहत होते. बाटलीतलं दूध त्यानं जेमतेम चार घोट घेतलं. तेव्हा तिच्या मनात आलं, उद्या दीडशे करडं अशीच ओरडली तर बाटल्या धरायला हात कुठून आणायचे?

सकाळ झाली. सगळं गाव माळावर लोटलं होतं. करडं दोरीमागे उड्या मारत होती, हलगीवाल्यांचे हात शिवशिवत होते. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळलेल्या, वावटळ कधी येतो म्हणून. आणि आली ती बोकडाशिवाय हौसाक्का, मागे मान खाली घातलेला जिवबा. हौसाक्का दोरीकडे गेलीच नाही. सरळ ओट्यावर चढली आणि मिठाच्या धोंड्यापुढे जाऊन उभी राहिली.

“तात्या, दोरी टाकू नका. करडांत मावा शिरलाय. माझ्या घरात हाय.”

एकच गलका उठला. गेनबा पुढे झाला. “तुझ्या घरात हाय, तर तुझी करडं घरी ठेव की. आमची पळतील. का तुझा बोकड लंगडला म्हणून समद्या गावाची दौड मोडतीस?”

लोक हसले. हौसाक्का जागची हलली नाही. आपली करडं घरी ठेवून ती मोकळी झाली असती. पण रोग तिच्या गोठ्यात आभाळातून पडला नव्हता. तो कुठल्यातरी घरातून आला होता आणि आणखी कुठंतरी गेला असणार.

“मी सांगते तेवढं करा,” ती म्हणाली. “करडांचे ओठ बघू नका. ओठाची खपली आपल्याला गोड वाटती, ती आपल्याला फसवती. घरी जावा आन् आयांची सडं बघून या. काटा करडाला टोचंल, सडाला न्हाई टोचत.”

गेनबाचं तोंड एकदम उतरलं. त्यानं महिन्यापूर्वी लांबच्या बाजारातून एक दुभती शेळी आणली होती, आणि ती पंधरा दिवस धार काढू देत नव्हती. तो वळून घराकडे पळाला. त्याला पळताना बघून आणखी चार बाया पळाल्या.

“असल्या गोष्टींनी दौड थांबली न्हाई आजवर,” सुभानतात्या जरबेनं म्हणाले आणि त्यांनी हलगीवाल्यांना खूण करायला हात वर केला. त्या हाताच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

हौसाक्काची नजर तिथेच खिळली. “तात्या, अंगठ्याला काय झालं?”

“काय न्हाई. काटा मोडलाय.”

“कवापासून?”

“झाले आठ-धा दिस. भरंना झालाय.”

“सोडून दावा.”

म्होरक्याला असं भर माळावर कोणी सांगत नसे. पण तिचा आवाज असा होता की तात्यांनी मुकाट्यानं चिंधी सोडली. अंगठ्यावर बोराएवढा फोड होता, मधे खोलगट, कडेनं लाल. पळालेल्या बायांपैकी एक धापा टाकत परत आली होती. तिनं तो अंगठा बघितला आणि तोंडावर हात ठेवला.

“आगं बाई. माझ्या शेळीच्या सडावर आत्ता हेच बघून आली मी.”

मागोमाग गेनबा आला. तो नुसता मान हलवत होता. त्याच्या घरी नव्या शेळीच्या सडांवर जुन्या खपल्या होत्या, आणि दोरीमागे उभ्या त्याच्या तिन्ही करडांची तोंडं उघडून बघितली तर आत फोड.

सुभानतात्या आपल्याच अंगठ्याकडे बघत राहिले. ओठपाहणीची सुरुवात त्यांनी जिंकलेल्या घरापासून, म्हणजे गेनबाच्या घरापासून केली होती. तिथून पुढे रोज दोन-तीन घरं. “ह्यो अंगठा मी चाळीस घरांत फिरवला,” ते म्हणाले. “प्रत्येक करडाच्या तोंडात.”

मग त्यांनी जे केलं ते त्या गावात कधी घडलं नव्हतं. त्यांनी घण मागवला. आपला हात मागे ठेवला आणि जिवबाला पुढे बोलावलं. “फोड धोंडा,” ते म्हणाले. “अजून कुणाची जीभ लागलेली न्हाई. चाळीस तुकडे कर. ज्याचं मीठ त्याच्या गोठ्यात.”

जिवबानं एकदा बायकोकडे बघितलं. ती तशीच उभी होती, डोळे पुसत. त्यानं घण उचलला आणि असा हाणला की मिठाच्या ठिकऱ्या उन्हात चमकत उडाल्या. पोरं आरडाओरडा करत त्या गोळा करायला धावली, बाया करडं कडेवर मारून घराकडे सुटल्या. दौड मोडली, पण धावपळ अशी उडाली की कुठल्या दौडीत उडाली नसेल.

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या आणि घरोघर फिरल्या. सात घरांत मावा निघाला, तेहतीस घरं कोरी होती. “धोंडा चाटला असता तर चाळीसच्या चाळीस घरं गेली असती,” त्या म्हणाल्या आणि चहा मागितला.

मग महिनाभर गाव राबलं. सात घरांत गुलाबी पाण्याची पातेली उकळून कोमट होत होती. ज्यांच्या शेळ्या धड होत्या त्यांनी दुधाच्या बाटल्या भरून त्या सात घरांच्या दाराबाहेर ठेवल्या. ओठांवरून अंगठा फिरवणं बंद झालं, नवी आणलेली शेळी महिनाभर वेगळी बांधायचं ठरलं. गेनबाचं एक करडू गेलं, ते त्यानं खोल खड्ड्यात पुरलं. बाकीची सगळी वाचली. वावटळ सुकून काडी झाला होता, पण विसाव्या दिवशी त्याच्या खपल्या गळाल्या आणि खालून गुलाबी, कोवळा ओठ निघाला. त्या दिवशी त्यानं आईला लुचून लुचून बेजार केलं.

दौड झाली नव्हती, तेव्हा पाणघळीत आधी कोण जाणार हा प्रश्न आला. लोक म्हणाले, यंदा हौसाक्काला पहिलं जाऊ द्या. तिला किती बरं वाटलं म्हणून सांगू! पण तिनं डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं होतं. धड कळपांनी आधी चरायचं, आजारातून उठलेल्यांनी सगळ्यांत मागून, कारण कुठे एखादी खपली गळून पडली तर धड जनावराच्या तोंडात जायला नको. तिनं तसं सांगून टाकलं. सात घरं मागे राहिली, आणि त्या सातांतही तिनं आपला नंबर शेवटी लावला, कारण कवडीचं सड सगळ्यांत उशिरा बरं झालं होतं. म्हणजे बारावं वर्षही शेवटचंच.

एकेक कळप जाऊन आला. शेवटी तिचा दिवस उजाडला. “बुडखं तरी राहिली असतील का,” जिवबा वाटेत म्हणाला. 

घळीच्या तोंडाशी नेहमीसारखी बुडखं आणि चिखल होता. पण पुढे वळण घेतलं आणि हौसाक्का जागच्या जागी थांबली. घळीचा मधला, पाझराकाठचा सगळा तुकडा जसाच्या तसा उभा होता. गुडघाभर हिरवं, दवानं भिजलेलं गवत. कडेनं दगडांची ओळ मांडलेली आणि त्या ओळीपर्यंत येऊन एकोणचाळीस कळपांची खुरं परत फिरलेली. शेळीला हिरव्या गवतावरून माघारी वळवणं किती अवघड असतं, ते शेळी पाळणाऱ्यालाच ठाऊक. प्रत्येक घराचा माणूस दिवसभर तिथे काठी घेऊन उभा राहिला असणार. गेनबाही.

हौसाक्का त्या दगडांच्या ओळीशी बसली आणि लहान पोरीसारखी रडली. वावटळीला रडण्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यानं एक उडी मारली आणि तो गवतात असा घुसला की वर नुसते कान दिसत राहिले.

आता एवढं सगळं सांगितल्यावर वेगळं काय सांगायचं, पण गोष्ट पुरी व्हायला हवी, म्हणून तात्पर्य: आपल्या घरातलं दुखणं झाकलं तर ते गावाचं होतं, आणि वेळेवर उघड केलं तर गाव आपलं होतं.